पाटी कुणाच्या दाराला

स्यूरवोगन, १३ जानेवारी

एस्किल,

मुद्दाम! नगरपालिकेतल्या त्या बाईनं मला खुर्चीत बसवलं, कॉफी पुढं सरकवली आणि हळू आवाजात विचारलं, "गुनवोर, तू हे मुद्दाम तर नाही ना केलंस?" मी कॉफी तशीच टाकून उठले. तुझी मावशी भरलेली कॉफी टाकून उठते, म्हणजे काय झालं असेल ते समज. अक्षर वाचता आलं नाही तर दुसऱ्यांदा वाच.

मी रोज सकाळी काय करते ते तुला ठाऊक आहे, तरी कागदावर राहू दे. कारखान्यात मासळी कापून मनगटं गेली तेव्हापासून मी सेवा केंद्रात फोनवर बसते. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांना सकाळी एक फोन. उठलात का, गोळी घेतली का, पायऱ्यांवर बर्फ आहे, जपून. कुणी उचलला नाही तर किल्ली घेऊन माणूस जातो. नावं संगणकाच्या पडद्यावर येतात, तुझ्याच कंपनीनं केलेल्या यादीतून. पान संपलं की बाण दाबायचा, पुढचं पान येतं. एवढंच काम आहे आणि ते मी चोख करते.

आता ऐक. आमच्या वरच्या मजल्यावरची हलिमो, ती सोमाली म्हातारी, तुला खजूर द्यायची ती, गेल्या बुधवारी स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शुक्रवारी दुपारपर्यंत फरशीवर पडून होती. आणि सापडली कुणाला? मला. तीही कशी? मी भांडायला गेले होते.

जिन्याची पाटी आठवते ना तुला? 'या आठवड्यात जिना तुमचा' अशी, दोरी लावलेली. लहानपणी तू ती गळ्यात घालून फिरायचास. ज्याच्या दाराला पाटी त्यानं जिना धुवायचा आणि पाटी शेजारच्या कडीला अडकवायची. गुरुवारपर्यंत जिना धुतलेला असला पाहिजे, हे पोरासोरांनाही कळतं. शुक्रवारी येते तर पायऱ्यांवर मिठाचा चिखल तसाच आणि पाटी हलिमोच्याच दाराला. आमचं आधीच वाकडं होतं. उन्हाळा सरताना तिनं ब्लीच टाकून जिना धुतला आणि माझी दारापुढची चटई पांढरी करून ठेवली. तेव्हापासून बोलणं बंद. मी वर गेले आणि दारावर मूठ आपटून ओरडले, "बाई, तुझ्या पाटीला मुळं फुटली काय!" समोरच्या रैदार मास्तरनं ते ऐकलं. आता तो ते दुकानात सगळ्यांना सांगत फिरतो.

आणि आतून कण्हल्याचा आवाज आला, एस्किल.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिचं तोंड कोरडं पडलं होतं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता आलीस होय." एवढंच.

लोक म्हणतात मी तिला फोन केला नाही. नाही केला. माझ्या यादीत तिचं नावच नव्हतं! बरेच दिवस नव्हतं. मला वाटलं, चटईच्या भांडणावरून तिनंच नाव काढून घेतलं, माझा आवाज नको म्हणून. बरं झालं म्हटलं, मला तरी कुठं हौस आहे. हे मी नगरपालिकेत सांगितलं, तर त्या बाईनं आपल्या पडद्यावर नाव शोधलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. हलिमो वारसामे. पत्ता, फोन, किल्लीचा नंबर, सगळं जागच्या जागी. "यादीत आहे की," म्हणाली. आता चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलंय.

ते नाव कुठं गेलं होतं ते मला सांग. कागदावर लिही. फोनवर तू हं हं करत भांडी घासत असतोस.

गुनवोर

*

त्रोन्हाइम, १७ जानेवारी

प्रिय मावशी,

पत्र वाचून मी हादरलोच. हलिमो आता बरी आहे ना? तुला घरी बसवलं हे तर फारच वाईट.

मी लगेच तपासलं. सगळी यादी एका फटक्यात काढून पाहिली. सगळी माणसं आहेत, हलिमोही आहे. वाढदिवसाचा क्रमही बरोबर आहे. मग मी खोटी माणसं घालून पानं उलटून पाहिली, एकही नाव गळालं नाही. खरं सांगायचं तर त्या क्रमाचं साहेबांना इतकं कौतुक आहे की आता तो अकरा गावांत चालतो. कुठूनच तक्रार नाही.

रागावू नकोस, पण बाण दोनदा दाबला गेला असेल का? तू बाण दाबतेस ते खिळा ठोकल्यासारखा. मधलं पान निसटून जाऊ शकतं. माणसाकडून होतं असं, त्यात लाज कसली. नगरपालिकेला तसं सांगितलंस तर ते समजून घेतील.

ती केव्हापासून दिसत नव्हती, आठवतं का?

आई तुला सॉक्स पाठवतेय.

तुझा एस्किल

*

स्यूरवोगन, २० जानेवारी

एस्किल,

सॉक्स पोचले. अक्कल पाठवायची राहिली.

बाण दोनदा! रोज? सोमवार ते शुक्रवार, सगळा हिवाळाभर, बरोब्बर हलिमोच्याच नावावर? तुझी आई मला लहानपणी आंधळी म्हणायची, पण एवढी नाही मी. तू म्हणतोस सगळी एका फटक्यात काढली. मला कुठं एका फटक्यात मिळतात? मला पान पान मिळतं. हंडाभर दूध होतं म्हणतोस, आणि माझ्या पेल्यात का नाही आलं ते विचारलं तर परत हंडाच दाखवतोस.

केव्हापासून विचारतोस, तर तू अक्षरं मोठी करून दिलीस तेव्हापासून. ईस्टरला तू माझ्या टेबलाशी बसून कोकराचं मटण खात खात यादी वाढदिवसाप्रमाणे लावून दिलीस. ज्याचा वाढदिवस त्याला मी फोनवर गाणं म्हणते, म्हणून मीच मागितलं होतं. तेव्हा सगळं ठीक होतं. पानावर पन्नास नावं, मुंग्यांसारखी, पण हलिमो त्यात होती. मी तिला रोज फोन करायची, भांडण झाल्यावरसुद्धा. "उठलीस?" "उठले." खट्‌. तेवढं तरी होतं. मग ऑक्टोबरात डोळे दुखतात म्हणून मी तुझ्यामागं लागले आणि तू अक्षरं मोठी केलीस. आता पानावर आठ नावं. आणि हलिमो नाही.

पहिलं पान मला झोपेतही म्हणता येतं. अदानपासून सुरू, शेवटचं एखादं नाव बदलतं, पण आठही जण एक जानेवारीचे. आपल्याकडे आश्रयाला आलेली माणसं रे, ज्यांना आपली तारीख सांगता आली नाही त्यांना सरकारनं एक जानेवारी लिहून दिली, ती. बाण दाबला की थेट नऊ जानेवारीचा ओलाव, तो नाकात बोलणारा. हे असं रोज. यात कुठलं पान निसटलं ते दाखव मला.

आणि सगळ्यात झोंबणारं सांगू? चार तारखेच्या रविवारी आमच्या बायकांच्या मंडळानं एक जानेवारीवाल्यांसाठी क्रीमचा केक केला. दर वर्षी करतो. केक मीच केला, तेरा जण म्हणून तेरा मेणबत्त्या लावल्या. हलिमोही आली होती. माझा केक खाल्ला, पण माझ्याकडे पाठ करून. तीन दिवसांनी पडली. आज दुकानात कारखान्यातल्या तूव्हानं मला बघून ढकलगाडी दुसऱ्या ओळीत वळवली. तीस वर्षं तिच्या शेजारी उभी राहून मी कॉड कापलाय.

पुढचं पत्र असं लिही की मला पटेल.

गुनवोर

*

त्रोन्हाइम, २४ जानेवारी

मावशी,

तेरा मेणबत्त्या. तुझं पत्र मी बसथांब्यावर वाचत होतो. बस आली, गेली, मी तसाच उभा. एका दिवशी तेरा माणसं जन्मलेली असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या खोट्या माणसांना मी वाढदिवस वाटले होते, प्रत्येकाला वेगळा. किती छान नीटनेटकी माणसं होती ती.

काय झालं ते तुझ्या पाटीवरूनच सांगतो. मशीन सगळी नावं एकदम देत नाही. आठ देतं आणि थांबलं तिथं एक खूण ठेवतं, पुढं कुठून सुरू करायचं याची. आमच्यात तिला कर्सर म्हणतात. ती खूण म्हणजे तुमची जिन्याची पाटी, दारादारानं पुढं सरकणारी. आता समज, पाटीवर दाराचं नाव लिहिलेलं नाही, नुसता मजला लिहिलाय. मजल्यावर दारं दोन, तुमच्यासारखी. पहिल्या दारवाल्यानं जिना धुतला, पाटीवर लिहिलं 'तिसरा झाला', आणि ती निघाली चौथ्या मजल्यावर. तिसऱ्यावरचं दुसरं दार राहिलं ते राहिलंच. पाटीचं म्हणणं बरोबर, मजला झाला!

मी खुणेत फक्त वाढदिवस ठेवला होता. पहिल्या पानावर आठ जण आले, शेवटचा एक जानेवारीचा. तू बाण दाबलास की मशीन म्हणायचं, 'एक जानेवारीच्या नंतरचे द्या.' नंतरचा म्हणजे ओलाव. एक जानेवारीचेच उरलेले पाच जण कुठल्याच पानात नाहीत. पन्नास नावांच्या पानात तेराही मावत होते म्हणून उन्हाळाभर कुणाला कळलं नाही. नगरपालिकेतल्या बाईनं नावानं शोधलं, तिथं पानं उलटायचीच नव्हती, म्हणून हलिमो तिला दिसली. आणि एकाच तारखेच्या माणसांत पुढं कोण, मागं कोण, हे मी मशीनला सांगितलंच नव्हतं. ज्याची माहिती नुकतीच बदलली तो बहुतेक मागं पडतो. हलिमोनं सप्टेंबरात फोन नंबर बदलला होता. पडली मागं.

आता खुणेत वाढदिवस आणि त्याच्यापुढं माणसाचा स्वतःचा क्रमांक, दोन्ही घातलेत. मजला आणि दार. क्रमही त्याच दोन गोष्टींवर लावलाय. मी आपल्या गावची सगळी पानं एकेक उलटून पूर्ण यादीशी ताडून पाहिली. सगळे आहेत. तू बाण कधी दोनदा दाबला नाहीस. मला माफ कर.

त्या पाचांतल्या दोघांना ऑक्टोबरापासून एकही फोन गेलेला नाही. हलिमोला, आणि अब्शिर नावाच्या एका म्हाताऱ्याला. बाकीचे तिघे कधी पहिल्या पानाच्या शेवटी येत, कधी गळत. हे मी तीनदा मोजून पाहिलं.

आता जे लिहितो ते लिहायला लाज वाटते. ईस्टरला तुझ्या टेबलाशी केलेलं ते काम मी कुणाला दाखवलं नव्हतं, तसंच चालू करून टाकलं. साहेबांचं म्हणणं आहे, दुरुस्ती झाली, आता गाजावाजा नको. नगरपालिकेला ते कळवणार आहेत की 'पडदा हाताळताना काही गोंधळ झाला असावा.' तुझ्याकडून तसा एक कागद आला की तुला कामावर परत घेतील, बोल लावणार नाहीत. यान्निकेला मार्चमध्ये बाळ होणार आहे, मावशी. आत्ता नोकरी गेली तर आम्ही काय करायचं?

एस्किल

*

जिल्हा इस्पितळ, ३० जानेवारी

गुनवोर,

तुझं पत्र इदिलनं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत वाच. माझी मुलगी वकिली शिकलीय, ती वाचता वाचता उभी राहिली. आता मी सांगतेय आणि ती लिहितेय. तिला मध्ये मध्ये राग येतो, तो मी लिहू देत नाही.

तर तू रागावली नव्हतीस!

ऑक्टोबरापासून मी रोज सकाळी चहा घेऊन फोनजवळ बसायची. तुझ्या फोनच्या वेळेला. खालून तुझं दार वाजलेलं ऐकू यायचं, तू कामाला निघालेली असायचीस. मग मी वाट बघायची. फोन नाही. मी म्हणायची, बघा, चटईवरून ही बाई इतकी रुसली! इदिल म्हणायची, तू कर ना फोन नगरपालिकेला. मी म्हटलं, मी का करू? ज्यानं तोंड फिरवलं त्यानं वळावं. केक खायला आले तेव्हा वाटलं, आज बोलशील. तू माझ्या ताटात मोठा तुकडा टाकलास आणि पुढं गेलीस. मग मीही पाठ केली.

त्या बुधवारीसुद्धा मी फोनचीच वाट बघत होते. चहा निवला म्हणून परत ठेवायला उठले, तिथंच पडले. दार उघडलंस तेव्हा 'आता आलीस होय' म्हटलं, तो टोमणा नव्हता. मला खरंच वाटलं, रुसवा सोडून आलीस. पाटीला मुळं फुटली, हे ऐकून मी आत हसले होते. हसताना फार दुखलं.

तू विचारतेस, भाच्याचं नाव झाकू का. माझ्यापुरतं मी माफ केलं, तसं त्याला कळव. पण अब्शिरबद्दल मी कोण माफ करणारी? त्याला ऐकू कमी येतं, तो कुणाकडे तक्रार करणार?

आणि एक सांगते. माझी आई म्हणायची, उंटिणी व्यायल्या त्या दिवसांत तू झालीस. तुमच्या काउंटरवरच्या माणसानं विचारलं, तारीख? मी गप्प. माझ्या मागं रांग होती. त्यानं एक जानेवारी लिहिलं. ती तारीख मी मागितली नव्हती, गुनवोर. तुमच्या लोकांनी दिली आणि तुमच्याच लोकांची यादी तिच्यावर अडखळली.

जिना कोण धुतंय? पाटी कुणाच्या दाराला आहे?

हलिमो

*

स्यूरवोगन, २ फेब्रुवारी

एस्किल,

हलिमोचं पत्र सोबत घातलंय. आधी ते वाच. मग हे वाच.

वाचलंस? मी ते जिन्यातच वाचलं, टपालपेटीपाशी, आणि पायरीवर बसले. रैदार मास्तर वरून आला, "काय झालं गुनवोर?" म्हणाला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! तो इतका घाबरला की जाऊन पाणी घेऊन आला. ती वर चहा घेऊन बसलेली आणि मी खाली बूट चढवत मनात म्हणते, हिला माझा आवाज नको. मध्ये एक छत. मला वाटलं तिनं तोंड फिरवलं, तिला वाटलं मी फिरवलं, आणि दोघींच्या मध्ये तुझी ती खूण.

काल अब्शिरकडे गेले. घंटा ऐकू येत नाही म्हणून खिडकीवर टकटक केली. म्हातारा टाय लावून बसला होता. मी विचारलं, इतके महिने फोन आला नाही, कुणाला सांगितलं का नाही? म्हणाला, "मला वाटलं, आता सरकारनं बंद केलं असेल. असतं असं." आणि मलाच कॉफी दिली. मी विचारलं टाय कशाला. तर म्हणाला, सकाळी फोन यायचा म्हणून सवय लागली, ती मोडली नाही. फोनवर कोण बघतंय टाय! पण तो लावायचा. मी ती कॉफी शेवटपर्यंत प्याले. गेल्या आठवड्यापासून त्याला रुन्ना परत फोन करते, माझ्या जागी ती बसते ना आता. तिला मी सांगितलं, टाय लावलाय का ते विचार.

आता तुझ्या कागदाचं. 'पडदा हाताळताना गोंधळ' असं मी लिहून देणार नाही. कुणी माझी बोटं धरून लिहिलं तरी नाही. माझा राग आहे तो यासाठी नाही की मला दोष आला. दोष मला रोजच येतो, माझं तोंडच तसं आहे. माझा राग यासाठी आहे की तू सतरा तारखेच्या पत्रात काय लिहिलं होतंस ते तू विसरलास आणि मी नाही विसरले. ते पत्र मी परवा पुन्हा काढलं. त्यात तू फुशारकी मारलीस, तुझा वाढदिवसाचा क्रम अकरा गावांत चालतो. आणि चोवीसच्या पत्रात लिहिलंस, 'आपल्या गावची' पानं ताडून पाहिली.

आपल्या गावची!

बाकीच्या दहांचं काय, एस्किल? तिथं एक जानेवारी नसतो? तिथल्या काउंटरवर माणसं गप्प बसली नसतील? तुझ्या साहेबाला गाजावाजा नको, म्हणजे त्या गावांना कुणी सांगितलेलंच नाही. कुणी सांगितल्याशिवाय ते फरशीवर बघायला जाणार कसे? तिथं वरच्या मजल्यावर भांडायला जाणारी बाई असेलच असं नाही.

मला यातलं यंत्राचं काही कळत नाही, नववीतून कारखान्यात गेलेली मी. पण जिना राहिला तर तो सगळ्यांचाच राहतो, एवढं कळतं.

तुझ्या नोकरीचं. गेली तर वाईट होईल, खोटं बोलत नाही. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, तिघांना पुरेल. कारखान्यात माणसं हवीच असतात, आणि यान्निकेला मी आवडते, का ते देव जाणे. वाढदिवसाप्रमाणे लाव आणि अक्षरं मोठी कर, हे दोन्ही मीच मागितलं होतं, ते मी सभेत उभी राहून सांगीन. पण तुझा भाग तू सांगायचा. मी तुझ्यासाठी सांगणार नाही. तू सात वर्षांचा असताना काच फोडलीस तेव्हाही तुला दार ठोठावायला मीच पाठवलं होतं आणि मी कोपऱ्यावर उभी होते. आताही कोपऱ्यावर उभी आहे.

हलिमोची पाळी मी केली. ब्लीच टाकून. माझी चटई आता दोन्हीकडून पांढरी आहे, शोभते. नंतर पाटी माझ्या कडीला आली, मी माझीही पाळी केली. आता ती या पाकिटात आहे, म्हणून पाकीट जाड लागलं. इमारतीतल्या सगळ्यांना सांगूनच काढलीय. तुझ्या दाराला अडकव. आत नाही, बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

तेरा तारखेच्या शुक्रवारी नगरपालिकेची सभा आहे. त्या दहा गावांना तू स्वतः कळवलंस, तुझ्या नावानं, आणि तिथली प्रत्येक एक जानेवारीची म्हातारी आणि म्हातारा फोनवर बोलला, हे मला बारा तारखेच्या गुरुवारच्या टपालानं कळलं पाहिजे. टपाल आता एक दिवसाआड येतं, तेव्हा सोमवारीच टाक. गुरुवारी पेटी रिकामी दिसली, तर शुक्रवारी मी तुझी दोन्ही पत्रं सभेत वाचीन, आणि मी वाचते कशी ते तुला माहीत आहे.

गुनवोर